एकट्याने सुरू होणारं इंजिन

शेटकार सरांना लातुरात सगळे 'विमानवाले सर' म्हणत. त्यांच्याकडे विमान नव्हतं. विमानाचा एक थर्मोकोलचा पंख तेवढा होता. तो गच्चीवर आडवा पडलेला असे आणि उन्हाळ्यात शकूवहिनी त्यावर कुरडया वाळत घालत. उरलेलं विमान 'पुढच्या वर्षी' होणार होतं. मी त्यांच्या शेजारी राहायला आलो तेव्हाही ते पुढच्या वर्षीच होणार होतं.

इंजिन मात्र खरं होतं. दुधाच्या लहान किटलीएवढं, चकचकीत, मोठ्या जेट विमानाला असतं तसंच, फक्त खेळण्याएवढं. आतलं चक्र मिनिटाला एक लाख वीस हजार फेरे घेतं, असं सरांनी पहिल्या भेटीतच सांगितलं. मी पाणीपुरवठ्याच्या कामांची मोजमापं घेणारा माणूस. मी विचारलं, "कोणी मोजले?"

"मोजायला मशीन हाय, देशमाने. तुमच्यावानी बोट लावून मोजलं तर बोट जाईल."

तिथून आमचं जमलं. आमच्या दोन घरांच्या मध्ये एकच भिंत. माझ्या बाजूने ती रंगवलेली आणि त्यांच्या बाजूने खडूने भरलेली, कारण सरांना काहीही समजावून सांगायला आकृती लागे. भाजीवाला तराजू घेऊन आला तर त्यालाही ते भिंतीपाशी नेत. माझी सवय अशी की आधी आकडा बघायचा आणि मग मत बनवायचं. सरांचं मत आधीच तयार असे; आकडा नंतर शोधला जाई आणि बहुतेक वेळा सापडेही.

ते क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचे. डॉक्टर व्हायला निघालेली पोरं गावोगावाहून लातूरला येतात, त्यातली निम्मी कधी ना कधी त्यांच्या हाताखालून गेलेली. 'मला माहीत नाही' हे वाक्य त्यांच्या तोंडून कोणी ऐकलेलं नव्हतं. एखाद्या पोराने अडचणीचा प्रश्न विचारला की सर घड्याळाकडे बघत आणि म्हणत, "प्रश्न चुकलाय. बरोबर करून उद्या आण." दुसऱ्या दिवशी स्वतःच उत्तर घेऊन येत आणि त्या पोराला उभं करून सांगत, "काल तू नीट विचारला न्हाईस."

आणखी एक वाक्य ते वर्षभर पोरांच्या कानावर घालत: "एकट्याला जमतंय तेच येतंय. परीक्षेच्या हॉलात बाजूला तुझा मामा बसणार हाय का?"

गंमत अशी की त्यांचं स्वतःचं इंजिन एकट्याला जमणारं नव्हतं.

ते जुन्या पद्धतीचं होतं. हैदराबादच्या एका हौशी माणसाने छंद सोडला, तेव्हा सरांनी आणि त्यांच्या साडूंनी अर्धंअर्धं मिळून घेतलेलं. आपलं आपण ते सुरू होत नसे. तोंडाशी जोराने हवा मारून आतलं चक्र फिरवायचं, मग गॅस सोडून आग धरवायची, आग धरली की बेताबेताने रॉकेल द्यायचं आणि इंजिन स्वतःच्या दमावर फिरू लागेपर्यंत हवा चालू ठेवायची. हवा लवकर काढली किंवा रॉकेल जास्त झालं, तर चक्र मंद राहतं, रॉकेल नुसतंच जळतं आणि शेपटीतून हातभर जाळ बाहेर येतो.

हवा मारायचं काम साडूंचं. वैजनाथअप्पा. मुदखेडला स्टेशनजवळ त्यांचं किराणा दुकान. ब्लोअरही दुकानातलाच, तांदळाच्या पोत्यांवरची धूळ उडवायचा. रविवारी ते बायकोला, मंगलताईंना, घेऊन लातूरला येत आणि आम्ही बार्शी रोडच्या पुढे एका ओळखीच्या माणसाच्या रिकाम्या प्लॉटवर जात असू. सर रिमोट धरून खुर्चीवर बसत, अप्पा ब्लोअर घेऊन इंजिनासमोर उकिडवे, आणि मी स्टुलावर बसून तापमानाचा आकडा मोठ्याने वाचायचो. विझवायचा लाल सिलिंडर मी माझ्या खर्चाने आणलेला होता. तो माझ्या पायाशी असे.

सुरुवातीला पूजा. सर लिंगायत घरातले, पक्के शिवभक्त. डब्यातून तीन बोटांनी भस्म घ्यायचं, इंजिनाच्या नाकावर, म्हणजे चक्राच्या मधल्या नटावर लावायचं आणि डोळे मिटून नमः शिवाय म्हणायचं. डोळे बराच वेळ मिटलेले राहत. मग उघडले की आरडाओरडा.

"अप्पा, हवा!"

"देऊन राहिलो की!"

"वाढवा!"

"वाढवूनच राहिलो. तुम्ही गॅस सोडा ना साडूभाऊ, का मुहूर्त पाहून राहिले?"

"देशमाने, आकडा!"

"तीनशे दहा. तीनशे साठ."

"आवाज धरला, आवाज धरला," अप्पा ओरडत. त्यांचा आकड्यांवर विश्वास नव्हता. ते कानावर चालत. मग ते ब्लोअर थोडा थोडा मागे घेत, इंजिन शिट्टी मारत स्वतःच्या दमावर उभं राहायचं आणि दोघेही एकाच वेळी "मी सांगितलं नव्हतं?" म्हणायचे. कोणी कोणाला काय सांगितलं होतं, हे मला कधी कळलं नाही. रॉकेल संपेपर्यंत ते इंजिन नुसतं ऐकत बसत. मग घरी जाऊन जेवण.

ही व्यवस्था मोडली ती क्लासच्या निरोप समारंभाला. पोरांना आणि पालकांना इंजिन दाखवायचं सरांनी ठरवलं. प्लॉटवर मांडव, मागे सरांच्या फोटोचा मोठा बॅनर. सर रिमोट हातात धरून भाषण करू लागले. न्यूटनचा तिसरा नियम समजावताना त्यांचा अंगठा रॉकेलच्या बटणावर जरा जास्तच टेकला. त्याच वेळी अप्पांना वाटलं की आवाज धरला, आणि त्यांनी हवा मागे घेतली. मी "आठशे, आठशे ऐंशी" असं ओरडत होतो, पण टाळ्या चालू होत्या. जाळ निघाला तो थेट बॅनरवर. बॅनरवरच्या सरांच्या मिशा जळाल्या. पोरांना वाटलं हे कार्यक्रमातच आहे. त्यांनी 'वन्स मोअर' केलं.

सिलिंडर मी वापरला. माझ्या हिशेबाने चूक दोघांची होती, साधारण सारखीच. पण माझा हिशेब कोणी विचारला नाही. सरांनी माईक हातातच असताना अप्पांना म्हटलं, "हवा मारायला काय अक्कल लागतीया? लोखंडी स्टँडला ब्लोअर बांधला असता तर बरं झालं असतं. स्टँड तरी जागचं हललं नसतं!"

पालक हसले. अप्पांनी ब्लोअर बंद केला. त्याची वायर नीट गुंडाळली, गाठ मारली आणि ब्लोअर सरांच्या खुर्चीवर ठेवला. "मग स्टँडच बांधा साडूभाऊ," ते म्हणाले. "त्याला चहा बी पाजावा लागत न्हाई." आणि मंगलताईंना घेऊन तिथूनच एसटी स्टँडला गेले.

हे दोन पुरुषांत राहिलं असतं तर मला फारसं वाटलं नसतं. पण शकूवहिनी आणि मंगलताई या दोघीच बहिणी. भाऊ नाही, आईवडील गेलेले, जळकोटचं घर विकून टाकलेलं. दोघींना माहेर म्हणून एकमेकींचं घर तेवढं उरलं होतं. दर नागपंचमीला मंगलताई लातूरला यायच्या, बांगड्या भरायच्या, झोक्यावर बसायच्या, दोन दिवस राहून जायच्या. त्या वर्षी पंचमीला त्या आल्या नाहीत. वहिनींनी झोका बांधलाच नाही. सरांनी विचारलं, "झोका का न्हाई?" वहिनी म्हणाल्या, "स्टँडला बांधा."

सरांनी स्टँड बांधलं होतंच. स्टँड हवा द्यायचं, पण बेताने मागे घ्यायचं नाही. म्हणून सरांनी त्याला सुतळी बांधली आणि खुर्चीवरून ओढायला लागले. दुसऱ्याच रविवारी स्टँड आडवं पडलं आणि ब्लोअर माझ्याकडे तोंड करून माझा डबा, टोपी आणि स्टुलाखालचं वर्तमानपत्र घेऊन गेला. सर माझ्याकडे बघू लागले.

"देशमाने, तुम्ही जरा..."

"मी आकडे वाचतो, सर."

"एकदाच."

"मी आकडे वाचतो."

त्या संध्याकाळी भिंतीवर नवी आकृती आली. सर खडूची धूळ झटकत म्हणाले, "माणसाचा प्रश्नच मिटवून टाकतो. इंजिन इलेक्ट्रिकवर घेतो. बटण दाबलं की सुरू. हवा न्हाई, ब्लोअर न्हाई, साडू न्हाई."

कल्पना साधी होती. इंजिनाच्या तोंडात, चक्राच्या पुढे, अंगठ्याएवढी मोटर बसवायची. ती तीन बारीक आऱ्यांनी धरलेली, म्हणजे बाजूने हवा आत जायला वाट राहील. मोटरच्या दांड्यावर एक लहानशी वाटी आणि वाटीत रबराची रिंग. मोटर फिरली की वाटी पुढे सरकते, रबर चक्राच्या नटाला घट्ट धरतं आणि चक्र फिरवतं. इंजिनाने स्वतःचा वेग घेतला की वाटी आपोआप मागे येते. पुढचं गॅस, ठिणगी, रॉकेल हे सगळं कंट्रोलचा डबा बघतो. माणसाने फक्त बटण दाबायचं.

मोटर आणि डबा कुरियरने आले. नट आणि आऱ्या लेथवर करून घ्यायच्या होत्या. लातूरच्या एमआयडीसीत लेथवाल्यांची वाण नाही. पण सरांनी नांदेडचा लेथवाला निवडला. "हितले लई उतावीळ," ते म्हणाले. मग दर पंधरवड्याला पिशवीत इंजिन घेऊन अहमदपूर, लोहा करत एसटीने नांदेड. कधी नट केसभर जाड व्हायचा, कधी मोटर मध्यावर बसायची नाही. एकदा सगळं बरोबर बसलं होतं, तरी सर गेले. "खात्री करून आलेलं बरं," म्हणाले.

नांदेडहून मुदखेड अर्ध्या तासावर आहे. सर परत आले की वहिनी विचारत, "मुदखेडला जाऊन आलात?"

"मुदखेडला काय लेथ हाय?"

एकदा मात्र चहा पिता पिता ते सहज बोलून गेले, "अप्पानं दुकानाला नवं शटर टाकलंय. निळं. शोभत न्हाई."

वहिनींनी कप खाली ठेवला. "नांदेडच्या लेथवरनं दिसतंय का ते?"

सर भिंतीवरची आकृती बघायला उठून गेले. दुकानापर्यंत जाऊन ते आत गेले की समोरच्या टपरीवरून शटर बघून परतले, हे मी विचारलं नाही. शटरच तेवढं दिसलं, म्हणजे दुकान बंद असताना गेले असणार.

इंजिन जोडून झालं आणि ते सुरू होईना. बटण दाबलं की मोटर किंचाळायची, चक्र दोन-चार गिरक्या घ्यायचं आणि थांबायचं. मोटर फिरतेय, चक्र बसलंय. सरांनी बॅटरी बदलली. जाड वायर टाकली. रबराची रिंग बदलली, मग वेगळ्या कंपनीची आणली. भिंतीवर इतकं गणित झालं की पुढचं माझ्या बाजूला यायला लागलं. मी आकडे तपासले; गणित बरोबर होतं. चक्र फिरायलाच हवं होतं.

पूजा मात्र चुकली नाही, उलट अवघड झाली. मोटर आणि आऱ्या मध्ये आल्यामुळे सरांचं बोट नटापर्यंत पोचेना. मग त्यांनी कान साफ करायची कापसाची काडी आणली. ती भस्मात बुडवून, दोन आऱ्यांमधून अलगद आत घालून बरोबर नटाच्या नाकावर टेकवायचे आणि एक वळसा द्यायचे. हात जरासुद्धा कापायचा नाही. त्या अचूकपणाचं मला दर रविवारी कौतुक वाटे.

पंचमी पुन्हा जवळ आली. एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे चहाला होतो. सर पेपर वाचत होते आणि वहिनी मोबाइल डब्यांना टेकवून मंगलताईंशी व्हिडिओवर बोलत भाजी निवडत होत्या.

"काय म्हणतंय गं इंजिन?"

"काय म्हणणार? मोटर बोंबलतीया, चक्र ढिम्म. आमच्या घरचंच हाय की ते."

मंगलताई हसल्या. तेवढ्यात त्यांच्या मागून, चित्रात न दिसणारा आवाज आला. "इभूत पुसतात का म्हणून विचार."

"काय म्हणतेत भाऊजी?"

"म्हणावं," अप्पांचा आवाज आला, "आम्ही दर रविवारी पुसत होतो. साडूभाऊंनी डोळे मिटले की अंगठ्यानं घ्यायचं आन् आपल्या कपाळाला लावायचं. भस्म आत गेलं तर बेअरिंग खाऊन टाकतंय. आता तर रबरालाच लागून राहिलं असंल. कॅरमवर पावडर टाकल्यावर सोंगटी कशी पळती? तसं घसरून राहिलं ते. माणूस नको म्हणलं, आता पुसणार कोण?"

मी सरांकडे बघितलं नाही. पेपरचं पान उलटल्याचा आवाज झाला. नंतर सर म्हणाले, "त्याला सांग, किराण्यात लक्ष दे." आणि चहा अर्धा टाकून उठले. चहा टाकून उठलेले सर मी तेव्हाच पाहिले.

पुढच्या रविवारी प्लॉटवर आम्ही दोघेच. सरांनी भस्म स्वतःच्या कपाळाला लावलं, टेबलाच्या पायाला लावलं, थोडा विचार करून माझ्या सिलिंडरलाही लावलं. इंजिनाचं नाक आणि आतलं रबर स्पिरिटने पुसून घेतलं. बटण दाबलं.

मोटर गुणगुणली, चक्र फिरलं, ठिणगीची टकटक झाली आणि मऊसा 'भप्' असा आवाज आला. मी वाचू लागलो. दोनशे ऐंशी. चारशे. सहाशे दहा, पाचशे साठ, चारशे ऐंशी. चारशे ऐंशीवर आकडा स्थिर झाला. वाटी मागे आली होती. जाळ नाही, ओरडणं नाही. इंजिन शिट्टी मारत उभं होतं आणि सरांचा हात मांडीवर होता.

मी त्यांचं अभिनंदन केलं. "घर्षण कमी पडत होतं," सर म्हणाले. "मला शंका होतीच."

मग त्यांनी प्लॉटभर नजर फिरवली. हद्दीचे दगड होते, बाभळीची झुडपं होती, लांब रस्त्यावर एक टेम्पो चालला होता. टाकीत रॉकेल भरपूर होतं, तरी त्यांनी इंजिन बंद केलं.

"एवढ्यात, सर?"

"सुरू झालं," सर म्हणाले. "आता काय करायचं?"

परत येताना स्कूटर घराच्या कोपऱ्यावर आली तेव्हा ते म्हणाले, "देशमाने, आज सुरू झालं न्हाई."

"सर, आकडे मी वाचलेत. चारशे ऐंशीवर..."

"तुम्हाला आजवर कुणी विचारलेत का आकडे?"

ते खरं होतं.

घरात शिरताच वहिनींनी विचारलं, "झालं का?" मोबाइल त्यांच्या हातातच होता. सर चपला काढता काढता गरजेपेक्षा मोठ्याने बोलले. "कशाचं होतंय! त्याचं बी ऐकून बघितलं. लांबनं अक्कल सांगायला काय जातंय? हिंमत असली तर हितं येऊन करून दाखव म्हणावं!"

वहिनींनी सरांकडे बघितलं. त्यांच्या हातांना रॉकेलचा आणि स्पिरिटचा वास येत होता. नंतर त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये पुढचा महिना बघू लागलो. वहिनींनी फोन लावला.

सर आता बंगळुरूला मुलीकडे असतात. दिवाळीला फोन येतो, त्यात विमान पुढच्या वर्षी होणार असतं. पण मला ते आठवतात ते त्या पंचमीच्या आदल्या दिवशीचे. मंगलताई घरी बहिणीबरोबर बांगड्या भरत होत्या. प्लॉटवर आम्ही तिघे, जुन्या जागांवर. अप्पांच्या हातात मात्र काहीच नव्हतं. दोघे साडू अजून एकमेकांशी बोललेले नव्हते. जे बोलायचं ते माझ्याकडे बघून बोलत होते.

सरांनी कापसाची काडी काढली. भस्मात चांगली घोळवली आणि नटाला एकाच्या ऐवजी तीन वळसे दिले. बटण दाबलं. मोटर किंचाळली, चक्र ढिम्म.

"बघा," सर मला म्हणाले.

"सरका म्हणावं," अप्पा मला म्हणाले. त्यांनी उपरण्याचं टोक स्पिरिटमध्ये बुडवलं आणि आऱ्यांमधून आत घालून नट पुसला, रबर पुसलं, परत नट पुसला. टोकाला आलेलं भस्म कपाळाला लावलं. "मारा बटण, साडूभाऊ."

इंजिन सुरू झालं. मी आकडे वाचले. त्या आवाजात ते मलाही ऐकू आले नाहीत. अप्पांचं तोंड उजळलं. ते सरांच्या खुर्चीजवळ गेले आणि कानाशी तोंड नेऊन बोलू लागले. एका हाताचा तळवा पुढे धरला, दुसऱ्या हाताचा अंगठा त्यावर दाबून सरकवून दाखवला, मग बोटाने सोंगटी मारून दाखवली. लातूरच्या निम्म्या डॉक्टरांना घर्षण शिकवलेले सर खुर्चीवरून उठले होते. हात पाठीमागे बांधून, मान खाली घालून ते ऐकत होते आणि प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. अप्पांचं सांगून संपलं. सरांनी कान थोडा आणखी पुढे केला, आणि ओठ हलले त्यावरून मला कळलं की ते म्हणाले, "परत एकदा सांगा."